चूक दाखवणारा माणूस

बोर्ली पंचतनच्या मुलाला आज प्रोग्रामिंग शिकायचे असेल, तर शिकायला साहित्य मिळत नाही अशी तक्रार कुणी करू शकणार नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने त्याच्या फोनवर दिसतात. हार्वर्डचा सीएस-५० हा अभ्यासक्रम फुकट बघता येतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, पायथन अशा विषयांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजातही करून ठेवले आहेत. बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातले बाजाराचे गाव. दिवेआगर, वेळास, आदगावकडची माणसे इथे खरेदीला येतात. एके काळी संगणकाचे चांगले पुस्तक हवे असले, तर मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी निरोप द्यावा लागे. ती अडचण आता उरली नाही.

तरीही माझ्या पाहण्यातली या भागातली फार थोडी मुले या धंद्यात टिकतात. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून संसार चालवतो. आधी पुण्यात नोकरी केली, आता गावाकडे राहून काम करतो. संध्याकाळी काही मुले येऊन बसतात, त्यांचे काम बघतो. हुशारीत ती शहरातल्या मुलांपेक्षा तसूभरही कमी नाहीत. मग अडते कुठे, याचा विचार करताना मला वारंवार एकच गोष्ट दिसते. माहिती किनाऱ्यापर्यंत पोचली, पण आपण केलेले काम वाचून त्यातली चूक दाखवणारा माणूस पोचला नाही. आणि शिक्षण खऱ्या अर्थाने त्या माणसापाशी सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

समजा, बारावी झालेल्या एका मुलाने सुपारीच्या व्यापाऱ्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. वजन, दर, उचल, बाकी. व्हिडिओत पाहिले तसे त्याने पैशांसाठी अपूर्णांकाचा प्रकार, म्हणजे फ्लोट, वापरला. प्रोग्राम चालतो, आकडे बरोबर दिसतात, मुलगा खूश. पण संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो, आणि एक दशांश ही साधी संख्या त्या पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला बसलो तर तीनाचे आकडे संपत नाहीत, तसाच तो प्रकार. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर येते ०.३०००००००००००००००४. एका पावतीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. हंगामाअखेर प्रोग्राम तपासतो की या बागायतदाराची बाकी शून्य झाली का, आणि शून्याऐवजी शून्याच्या जवळची एखादी बारीक संख्या हाती लागते. ज्याने उचल पूर्ण फेडली, त्याच्या नावापुढे ‘येणे बाकी’ असे दिसत राहते. गावात अशा एका ओळीवरून माणसे बोलायची थांबतात.

उपाय अगदी साधा आहे. रक्कम पूर्ण संख्येत, पैशांच्या हिशेबाने साठवावी. साडेबारा रुपये म्हणजे १२५०. चार वर्षे काम केलेला कुठलाही प्रोग्रामर तो कोड पाहताक्षणी विचारील, ‘पैसे फ्लोटमध्ये का ठेवलेस?’ आणि मग पुढचा, जास्त मोलाचा प्रश्न विचारील, ‘ओल्या आणि सुक्या सुपारीचा हिशेब एकत्र धरतात की वेगळा, हे व्यापाऱ्याला विचारलेस का?’ हे दोन प्रश्न कानावर पडलेला मुलगा ती चूक सहसा पुन्हा करत नाही. व्हिडिओतला शिक्षक कितीही उत्तम असला तरी हे प्रश्न विचारू शकत नाही, कारण मुलाने काय लिहिले आहे ते त्याला दिसतच नाही.

आमच्या धंद्यात याला रिव्ह्यू म्हणतात. बऱ्या कंपनीत कुणाचाही कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत विद्यार्थी असताना त्याने १९९१ साली लिनक्स हे संगणक चालवणारे सॉफ्टवेअर जगापुढे ठेवले. ते वाढले, कारण अनोळखी माणसांनी ते वाचले, त्यातल्या चुका काढल्या आणि दुरुस्त्या पाठवल्या. २००५ साली त्याने गिट हे साधन लिहिले. हजारो माणसांचे काम एकत्र आणायचे, आणि कुठली ओळ कुणी, कधी बदलली हे दिसत राहायचे, यासाठी. आज सगळे जग ते वापरते. म्हणजे ज्या धंद्याने ऑनलाइन शिक्षण घरोघर नेले, तो धंदा स्वतः मात्र एकमेकांच्या चुका दाखवत शिकला. आपण त्या धंद्याकडून यंत्रे घेतली, व्हिडिओ घेतले, ही रीत तेवढी घेतली नाही.

आपल्याच रायगड जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली जाहीर केलेली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना भारतात सर्वांत आधी आजमावली गेली ती २००७ साली, कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत. वीस-बावीस मुले, चार इयत्ता आणि एक गुरुजी. पत्रकार आले, छायाचित्रे निघाली, हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांवर वाकलेली मुले जगभर दिसली. त्याआधी २००६ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ही योजना नाकारली होती. आमची निकड वर्गखोल्यांची आणि शिक्षकांची आहे, असे तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचे म्हणणे होते. त्या वेळी अनेकांना ही दृष्टी मागासलेली वाटली. पण पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप वाटले, आणि २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या चाचण्यांत त्याचा काही परिणाम दिसला नाही. आपल्याकडेही २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आकाश टॅब्लेट गाजावाजा करून आला आणि विरून गेला. कर्जतच्या त्या शाळेत जे काही चांगले घडले असेल, त्याचे श्रेय मी चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना देईन. लॅपटॉप वाटणे सोपे असते, कारण त्याची निविदा काढता येते. चार इयत्तांना दोन शिक्षक देणे हा दरवर्षीचा खर्च असतो, म्हणून तो टळत राहतो.

दुसरे उदाहरण फलटणचे. सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि मुले कुणी न शिकवता आपापली शिकतात, असे जगाला दाखवून दिले. त्यांना २०१३ चा टेड पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर्सचा. त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या सात केंद्रांपैकी एक फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत होते. या प्रयोगाबद्दल मला आदर आहे, मुलांच्या कुतूहलावर एवढा विश्वास टाकणे सोपे नाही. पण याच सुगत मित्र यांना २००९ च्या सुमारास मुलांशी स्काइपवरून बोलणाऱ्या आज्यांची फळी उभारावी लागली. मुले काय करतात ते बघायला, ‘अरे वा, हे कसे केलेस?’ असे विचारायला कुणीतरी हवे होते. मुले आपापली शिकतात, या सिद्धान्ताच्या जनकालाच माणूस परत आणावा लागला, यापेक्षा मोठा पुरावा मला नको. फक्त एवढेच म्हणेन की कौतुक हा अर्धा भाग झाला. पहिली दोन-तीन वर्षे कौतुकावर निघतात. पुढे काम नीट वाचून ‘हे चुकले आहे’ असे स्पष्ट सांगणारा लागतो, आणि ते प्रेमाने सांगणारा लागतो.

२०२० साली हे सगळे आपल्या किनाऱ्यावर एकदम उघडे पडले. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आले. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले. तिकडे करोनामुळे शाळा बंद असलेल्या राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर जात होता. इथे फोन चार्ज करायला जनरेटरच्या दारात रांगा होत्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षे जातात, म्हणजे ज्या वाडीच्या भरवशावर मुलाला पनवेल-पुण्याला ठेवायचे, ती वाडी त्याच्या शिक्षणाच्या वयात परत उभी राहणारच नव्हती. त्या वर्षी जी मुले अभ्यासाशी धरून राहिली, ती बहुतेक अशा शिक्षकांची होती जे वाडीवाडीत जाऊन कुणाच्या तरी ओटीवर बसले, वह्या तपासल्या आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास देऊन आले. लाल शाईने तपासलेली वही हे त्या वर्षातले सर्वांत भरवशाचे तंत्रज्ञान होते.

इथे कामाचा विचार करावा लागतो, कारण कोकणात शिक्षण आणि परगावी जाणे ही एकाच निर्णयाची दोन टोके आहेत. या किनाऱ्याने माणसे बाहेर पाठवूनच घरे चालवली. आधी मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, मग बोटी, मग आखात. बोर्ली, म्हसळा, श्रीवर्धनच्या किती घरांचे चिरे कुवेत-दुबईच्या पगारावर उभे आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. चाकरमान्यांबद्दल आपण नेहमी विरहाच्या सुरात बोलतो. त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र आपण नीट पाहिली नाही. गिरणगावात गावाची खोली असे. नवा पोरगा आला की तो तिथे पथारी टाकी, आणि गाववालाच त्याला खात्यात घेऊन जाई. मागावर धागा तुटला की जोडायचा कसा, मुकादमाशी बोलायचे कसे, पगारातून गावाला किती पाठवायचे, हे सगळे शेजारच्या मागावरचा माणूस शिकवी. त्या व्यवस्थेत लुबाडणूकही होती. जॉबर, म्हणजे हेच मुकादम, नोकरी लावायचे पैसे घेत, जातीपातीप्रमाणे खाती वाटलेली असत. ते परत यावे असे कुणी म्हणणार नाही. पण नवख्याच्या शेजारी जाणता असे, ही गोष्ट तिच्यात पक्की होती. आज इथला मुलगा इंजिनियर होऊन हिंजवडीला जातो तेव्हा त्याच्या शेजारी कुणी नसते, आणि पहिल्या दिवसापासून घरून काम मिळाले तर अजिबातच नसते.

घरून काम करण्याचा मी कट्टर समर्थक आहे. अनुभवी माणसाला पुण्याच्या वाहतुकीत रोज दोन-तीन तास घालवायला लावणे हा शुद्ध अपव्यय आहे. तो गावी राहिला तर त्याचा पगार इथल्या बाजारात खर्च होतो, त्याची मुले इथल्या शाळेत जातात, आई-वडील एकटे पडत नाहीत. पण नवख्याला पहिली दोन वर्षे घरून काम द्यायला माझा विरोध आहे. मला जे काही येते, त्यातले बरेचसे पहिल्या नोकरीत शेजारच्या खुर्चीवरच्या सिनियरकडून मिळाले. प्रोग्राममधला बग कसा शोधायचा, हे त्याने कधी शिकवायला घेतले नाही. तो शोधत असताना मी बघत होतो. कुठली शंका त्याला आधी येते, कुठली फाइल तो आधी उघडतो, कुठे थांबून तो चहाला उठतो, हे पडद्यावरच्या मीटिंगमध्ये दिसत नाही.

महाविद्यालयांबद्दल थोडक्यात. आपल्या सर्वांत जवळचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे, १९८९ साली स्थापन झालेले. या भागाला त्याचा मोठा आधार आहे. प्रश्न एखाद्या संस्थेचा नाही, परीक्षेच्या पद्धतीचा आहे. मी ज्या कॉलेजात शिकलो, तिथे प्रोग्राम वहीत लिहून काढण्याला गुण होते. प्रात्यक्षिकाची जर्नल एकमेकांची उतरवून पूर्ण होत. चार वर्षांत माझा एकही प्रोग्राम कुणी ओळ न् ओळ वाचला नाही. २००१ साली एमकेसीएल सुरू झाल्यावर त्यांच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने गावोगावच्या माणसांना माउस हातात धरायला शिकवले, हे मोठेच काम झाले. पण प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला लागते म्हटल्यावर शिकणे मागे पडते आणि कागद पुढे येतो. शहरातल्या ‘फुल स्टॅक’ क्लासांचे तर विचारूच नका. वाडी गहाण टाकून फी भरलेले पालक मी पाहिले आहेत. मुलाला त्या पैशांत मिळतात पुन्हा व्हिडिओच.

२०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरूही झाली. मला याचा आनंद आहे. मात्र आपल्या मुलांना इंग्रजी पुस्तक वाचणे तितके जड जात नाही, जितके इंग्रजीत प्रश्न विचारणे जड जाते. चारचौघांत प्रश्न चुकला तर लाज जाईल, या भीतीने ती गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्याची चूक कुणाला दिसत नाही. मराठीत बेधडक विचारता येईल असा एक माणूस मिळाला, तर इंग्रजी पुस्तकाचे पुढचे पान ती आपण होऊन उलटतात. हे मी संध्याकाळी रोज बघतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि अनेकांनी सांगितले की आता तो माणूस यंत्रातच मिळेल. हा दावा मी हलक्याने घेत नाही. मी स्वतः ही साधने रोज वापरतो. वरचा सुपारीचा प्रोग्राम चॅटजीपीटीला दाखवून ‘यात काय चुकले?’ असे विचारले, तर फ्लोटची चूक ते बहुधा दाखवील, तेही मराठीत आणि न कंटाळता. ज्या मुलाला कुणीच नाही, त्याला हे मोठे वरदान आहे. पण माझ्याकडे येणारी मुले ‘काय चुकले’ असे विचारत नाहीत. ती म्हणतात, ‘प्रोग्राम लिहून दे.’ आणि तो मिळतो. चालतोही. ज्याने कधी स्वतः चूक करून निस्तरली नाही, त्याला मिळालेल्या प्रोग्राममधली चूक ओळखता येत नाही. शिवाय यंत्र व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन बसत नाही, आणि हिशेब चुकला तर जबाबदारी घेत नाही. मुलाचा हात धरून ‘थांब, आधी तू सांग, तुला काय वाटते?’ असे म्हणायला ज्याला त्या मुलाची पर्वा आहे असाच कुणी लागतो.

याहून मोठी चिंता नोकऱ्यांची आहे. नवख्यांना जी किरकोळ कामे मिळत, छोटे बग, चाचण्या, एखादा अहवाल, तीच आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत. त्या कामांतून कंपनीला फार मिळत नसे, पण त्यांतूनच नवखा जाणता होई. ही पहिली पायरी निघून गेली, तर ज्याचा काका-मामा या धंद्यात आहे तो कसाही वर चढेल. ज्याचे कुणी नाही, तो बोर्लीचा मुलगा खालीच राहील. म्हणून पहिली पायरी आपणच गावात बांधायला हवी, असे मला वाटते, आणि ती बांधता येते.

महाराष्ट्रात त्याचे उदाहरण आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुले तिथे वेल्डिंग, वीजकाम, शेती, बांधकाम शिकू लागली. शिकण्याची रीत एकच, गावाला लागणारे काम गावासाठी करायचे आणि त्याचे रास्त पैसे घ्यायचे. गेट नीट बसले नाही तर गिऱ्हाईक सांगतो, आणि शेजारी उभा असलेला शिक्षक ते नीट करून घेतो. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब, म्हणजे स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळा, उभारल्या, त्यांतली एक २००२ साली याच पाबळला आली, ती उगीच नव्हे. आपल्या जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी काम आणि ज्ञान वेगळे करू नका म्हणून जन्मभर सांगितले. पाबळला ते कामातून दिसले.

बोर्लीच्या परिसरात अशी कामे पुष्कळ आहेत. दिवेआगरच्या घरगुती निवासांचे बुकिंग अजून कितीतरी ठिकाणी वहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, आणि मे महिन्यात एकाच खोलीवर दोन कुटुंबे येऊन उभी राहतात. नारळ-सुपारीचा हिशेब आहे, मच्छीमार सोसायट्यांची डिझेलची नोंद आहे, दवाखान्यातल्या लसीकरणाच्या तारखा आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे छोटे प्रोग्राम लिहावेत, गावाने ते वापरावेत, चुकले तर तोंडावर सांगावे, आणि प्रत्येक ओळ आधी कुणा जाणत्याने वाचलेली असावी. याला लागते ते सार्वजनिक वाचनालयातले एक टेबल, दोन-तीन संगणक आणि वीज गेली तर चालणारा इन्व्हर्टर. निसर्ग वादळानंतर इन्व्हर्टरचे महत्त्व इथे कुणाला पटवावे लागणार नाही. ग्रामपंचायतीने आणि वाचनालयाने मनावर घेतले, तर हा एका शिमग्याच्या वर्गणीचा खर्च आहे.

जाणता माणूस मात्र निविदा काढून मिळणार नाही. तो तुमच्यातूनच यायचा आहे. श्रीवर्धन, म्हसळा, माणगावातून बाहेर पडून मुंबई, पुणे, बंगळूर, दुबईत सॉफ्टवेअरच्या कामात असलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्ही गणपतीला येता, शिमग्याला येता, देवळाच्या जीर्णोद्धाराला, मशिदीच्या कामाला सढळ हाताने देता. यंदा वर्गणीसोबत आठवड्याचा एक तास द्या. गावातल्या एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्या, तिने लिहिलेला कोड दर रविवारी उघडून वाचा, आणि जे चुकले असेल ते तिला मराठीत सांगा.